मे महिन्यातली झोडणी

डावभर मसाला घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. डावभर म्हणजे किती? रविवारी घरात मटण असलं की एका रश्श्यात तेवढा सहज जातो. तेवढ्या मसाल्यापायी माझी सख्खी आई, माझी लग्नाची बायको आणि महाड तालुक्यातले यच्चयावत रसिक मला हसतात. तरीही चूक माझी होती असं मला अजून वाटत नाही. (बायको म्हणते, तुम्हाला कधीच काही वाटत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे.)

मी सुहास. घर तुडीलला, नोकरी महाडला एका सरकारी कचेरीत, क्लार्कची. आणि जीव फायटिंगच्या पिक्चरमध्ये. ज्यात मागे अख्खी फॅक्टरी उडते आणि हिरो पुढे चालत येतो, मागे वळूनही बघत नाही, तो पिक्चर माझा. लोक म्हणतात, यात कसली कला? अहो, त्याला वळून बघावंसं वाटत नाही, हीच कला! आमच्या ऑफिसात नुसतं कपाट कलंडलं तरी सगळा स्टाफ वळून बघतो आणि मग चहाला जातो. दिवसभर ‘होय साहेब, करतो साहेब’ म्हणणाऱ्या माणसाला रविवारी कुणीतरी साहेबाचं टेबल उलथवलेलं बघावं लागतं. नाहीतर सोमवारी तो ऑफिसात जाऊ शकत नाही. मी तरी जाऊ शकत नाही.

या विषयात माझ्या तोडीचा जाणकार एकच, रावजी टेम्पोवाला. एसटी स्टँडासमोरच्या टपरीवर आमची रोज चर्चा चालते. रावजीच्या मते ॲक्शनचा जीव स्लो मोशनमध्ये.

“ठोसा बसला का घामाचा थेंब येगळा दिसला पायजे,” रावजी म्हणतो. “थेंब नाय तर मजा नाय.”

“थेंबाला काय चाटायचंय? रंग पाहिजे रे, रंग! आभाळ नारिंगी, धूळ लाल आणि त्यात हिरो काळा.”

“आपला हिरो तसा बी कालाच हाय,” रावजी माझ्याकडे बघून म्हणतो आणि चहा ओततो.

घरी मात्र वेगळं सरकार आहे. बायको साक्षी शाळेत शिक्षिका. तिला अवॉर्डवाले पिक्चर आवडतात. त्यात एक बाई विहिरीकडे बघते. मग विहीर बाईकडे बघते. मग मी घड्याळाकडे बघतो.

गेल्या वर्षी ती मला महाडला एका समारंभाला घेऊन गेली. सावित्री रसिक मंडळ नावाचं एक मंडळ आहे. ते दरवर्षी मोबाइलवर काढलेल्या छोट्या पिक्चरची स्पर्धा घेतं. परीक्षक दत्ताराम सर. हे रिटायर्ड हेडमास्तर, साक्षी त्यांचीच विद्यार्थिनी. पहिलं बक्षीस मिळालं ते एका म्हाताऱ्याच्या पिक्चरला. म्हातारा पाच मिनिटं चप्पल शोधतो. चप्पल सापडत नाही. संपलं! सगळा हॉल डोळे पुसत होता. मला राहवेना. मी उभा राहिलो.

“सर, ॲक्शनला अवॉर्ड का नाही?”

सर हसले. काठावर पास झालेल्या मुलाकडे बघून मास्तर हसतात, तसे. “सुहासराव, ॲक्शनमध्ये शैली कुठे असते? तिथे असते ती फक्त धूळ.”

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीतूनही पडल्या. (साक्षी म्हणते, ती डास मारत होती.) माझं डोकं फिरलं. सूत्रसंचालिकेच्या हातातला माइक ओढून घेतला आणि गर्जलो, “पुढच्या वर्षी इथून ॲक्शनचं अवॉर्ड घेऊन जाईन! नाही नेलं, तर जन्मात पुन्हा फायटिंगचा पिक्चर बघणार नाही!”

बोललो ते बोललो. आमच्याकडे माइकवर बोललेला शब्द मागे घेता येत नाही, कारण तो घेऊ देत नाहीत. वर्षभर तालुक्यात कुठेही गेलो की लोक विचारायचे, “काय मग, कुठवर आला पिक्चर?” आणि साक्षी शांतपणे टीव्हीचा रिमोट स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला लागली होती, सवय व्हावी म्हणून.

मे महिना उजाडला. एंट्री पाठवायची मुदत जवळ आली, तेव्हा मी आणि रावजी कामाला लागलो. आधी आंबेनळी घाटात पाठलाग घ्यायचा ठरला. रावजी टेम्पोतून पळणार आणि मी बाइकवरून त्याला गाठणार. पण त्या चढावर रावजीचा टेम्पो असा काही रमला की त्याला गाठू नये म्हणून मलाच दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. पोलादपूरच्या बाजारातून परतणारी एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन आम्हा दोघांच्याही पुढे गेली. शूटिंगमध्ये सगळ्यात वेगवान तीच दिसत होती.

मग घरच्या अंगणातच क्लायमॅक्स घ्यायचा ठरला. हिरो मी. (दुसरं कोण होतं?) व्हिलन आमच्या आळीतला चांगू गवंडी. देह असा की दारात उभा राहिला तर घरात दिवा लावावा लागतो, आणि स्वभाव असा की कोंबडी अंगावर आली तर तो बाजूला होतो. वाऱ्यासाठी रावजीने भात उफणायचा मोठा मोटरचा पंखा आणला. प्रश्न राहिला तो धुळीचा. दत्ताराम सरांनी धूळ म्हटलं होतं ना, मग धूळच दाखवायची होती मला, अशी लाल की सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरावा!

अंगणातली माती उडवून बघितली. मोबाइलमध्ये ती चहाच्या चोथ्यासारखी दिसली. गुलाल आणला. पण गुलाल उधळला की फायटिंग वाटेना. चांगू हसत माझ्याकडे आला, तर वाटलं सरपंचपदाला निवडून आलाय आणि पाया पडायला येतोय.

आणि तेवढ्यात मला ओटीवर तो रंग दिसला.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, खडा मसाला सगळं भाजून आई आणि साक्षी डंकावर जातात आणि वर्षाचा मसाला कुटून आणतात. कुटलेला मसाला गरम असतो, तो निवल्याशिवाय बरणीत भरत नाहीत. म्हणून ओटीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर तो पसरायचा, वरून दुसरं लुगडं झाकायचं, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. या मसाल्याला आमच्या घरात काय मान आहे? महापुरात पाणी ओटीला लागलं, तेव्हा घराची कागदपत्रं मी वाचवली, आणि आईने आधी मसाल्याची बरणी माळ्यावर चढवली. मला हाक मारली ती त्यानंतर.

त्या दुपारी आई डंकावरून दमून येऊन आत झोपली होती. साक्षी मागल्या दारी बरण्या घासत होती. मी ओटीवर गेलो. एका कोपऱ्यावरचा वरवंटा उचलून बाजूला ठेवला, लुगड्याची कड वर केली आणि खाली बघितलं. काय रंग होता! कुठल्या कॅमेरामनला तो सापडला असता? एक डाव भरून घेतला आणि रावजीला दिला.

“ह्यो पंख्याम्होरं सोडायचा?” रावजीने डावाचा वास घेतला आणि मान मागे घेतली. “सुहास, तिखाट हाय रे.”

“चिमूटचिमूट सोड. वारा अंगणाकडे आहे. कॅमेऱ्याला काही होत नाही.”

“आनी तुला?”

“मी हिरो आहे,” मी म्हणालो.

साक्षीचा फोन चार्जिंगला होता, तो काढला. (माझ्या फोनात कोणीही आधार कार्डावरच्यासारखा येतो.) ओटीच्या आतल्या भिंतीशी स्टुलावर फोन उभा केला, शेजारी पंखा. समोर ओटीवर झाकलेला मसाला, त्यापुढे अंगण, आणि अंगणात मी काळा गॉगल लावून. माझ्यासमोर चांगू, हातात फावडं. सगळी फ्रेम अशी बसली होती की मला स्वतःचाच अभिमान वाटला. फक्त एक राहिलं. वरवंटा मी परत लुगड्यावर ठेवला नव्हता.

“पंखा एकवर लाव!” मी ओरडलो.

“ह्याला एक-दोन नसतंय,” रावजी ओरडला. “ह्यो चालतो, नाय तर बंद असतो!”

“मग चालव! ॲक्शन!”

आधी वरचं लुगडं उठलं. तरंगत अंगणात आलं आणि चांगूच्या डोक्यावर बसलं. त्यामागून वर्षाचा मसाला उठला.

मी खरं सांगतो, शपथेवर सांगतो, पहिला क्षण फार सुंदर होता. सगळं अंगण लाल झालं. ऊन त्यातून असं आलं की माझ्या अंगावर काटा आला. असा रंग मी कुठल्याच पिक्चरमध्ये पाहिलेला नाही, आणि आजही कुणी विचारलं तर मी हेच म्हणेन. त्यानंतर मी श्वास घेतला.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण डोळे उघडत नव्हते. ऐकू मात्र आलं. चांगूने व्हिलनचं हसू हसायचं होतं. त्याऐवजी तो शिंकला आणि लुगड्यासकट कुंपण मोडून पळाला. (तो पुढे सावित्री नदीत गळ्याएवढ्या पाण्यात बसलेला सापडला.) पलीकडच्या हैबतीकाकांच्या बकऱ्या शिंकायला लागल्या. बकरी शिंकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रावजी पंख्याचं बटण चाचपत होता आणि प्रत्येक वेळी भिंत दाबत होता. शेवटी त्याने वायर उपटली.

मग आईचा आवाज आला.

“सुहास!”

“आई, फक्त डावभर घेतला होता...”

“माजा वर्साचा मसाला रे मेल्या! पुरात वाचिवला मी, आनी तू उन्हाळ्यात बुडिवलास?”

“आई, ती लाल धूळ...”

“दाखिवते तुला धूल!”

अंगण झाडायचा खराटा कोपऱ्यातच असतो. तो आईला डोळे मिटूनही सापडतो, हे त्या दिवशी कळलं. आधी मी वाकलो, मग पळालो. आणि एक गोष्ट अभिमानाने नोंदवतो, मागे सगळं घर लाल झालेलं असताना मी एकदाही वळून बघितलं नाही.

घरावर सुतक आलं. साक्षी ओरडली असती तर बरं झालं असतं, ती पुन्हा बरण्या घासायला गेली. सुकटीचं कालवण पिवळं व्हायला लागलं. आई ताट वाढताना म्हणायची, “खा. चव अंगनात पडलीय, ती चाटून ये.” फोनबद्दल विचारायची माझी छाती झाली नाही. मुदत संपली, माझी एंट्री गेली नाही. म्हणजे शपथ लागू झाली. मी मुकाट्याने सवय करायला लागलो. एका संध्याकाळी साक्षीबरोबर एक अख्खा अवॉर्डवाला पिक्चर बघितला. त्यात बाई समुद्राकडे बघत होती. विहिरीपेक्षा पाणी जास्त होतं, एवढाच फरक. मला खरंच रडू आलं. साक्षीला वाटलं, पिक्चरमुळे.

जूनमध्ये एके दिवशी साक्षी म्हणाली, “रविवारी मंडळाच्या समारंभाला यायचंय तुम्हाला. आईपण येतायत.”

“आई कशाला?”

“अशाच,” साक्षी म्हणाली. मला संशय आला नाही. (तो मला कधी वेळेवर येत नाही.)

हॉल गच्च भरला होता. माझी नाचक्की बघायला लोक लांबून आले होते. रावजी माझ्या एका बाजूला बसला, साक्षी आणि आई दुसऱ्या बाजूला. दत्ताराम सर माइकवर आले. “यंदाचं पहिलं बक्षीस, ‘वर्षाचा मसाला’. दिग्दर्शन, साक्षी सुहास!”

मी साक्षीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत म्हणाली, “फोन चालूच राहिला होता. घरातलं एवढं गेलं, म्हटलं बदल्यात काहीतरी येऊ दे.”

पडद्यावर आमची ओटी आली, आवाज मात्र साक्षीने काढून टाकला होता. लाल ढग उठला आणि हळूहळू खाली बसायला लागला. पुढे साक्षी आली, ओटीवर बसली आणि काही न बोलता कुंच्याने मसाला सुपात भरायला लागली. डोळ्यांतून धारा वाहत होत्या. ती भरत होती, पुसत होती, पुन्हा भरत होती. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. (खोकायला आमच्याच घरी यावं लागलं असतं.) मला मात्र तिच्याकडे बघून आत कुठेतरी कळ आली. त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, मी पळत होतो.

तिच्या मागे, लांब, लाल धुरकटात दोन काळ्या आकृत्या हलत होत्या. एक हात वर जायचा, खाली यायचा.

दिवे लागले. दत्ताराम सरांनी चष्मा पुसला. “स्थिर चौकट. लाल रंगाचा किती संयत वापर! पुढे स्त्रीचे मूक अश्रू, आणि मागे धुक्यातून दिसणारी ती भाताची झोडणी. पेंढी उचलून दगडावर आपटण्याची ती लय! श्रम आणि दुःख एकाच चौकटीत. याला म्हणतात शैली. इथे धूळ नाही, आरडाओरडा नाही, ॲक्शन नाही.”

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या हॉलने बघितलं.

“मे महिन्यात कसली झोडनी?” रावजी माझ्या कानात म्हणाला. “भात झोडतात दिवालीच्या टायमाला.”

“गप्प बसा दोघंही,” साक्षी दबक्या आवाजात म्हणाली. “कोणाला कळलेलं नाही. तुमची अब्रू राहील.”

बरोबर होतं तिचं. गप्प बसलो असतो तर बायकोला बक्षीस होतं आणि माझी अब्रू शाबूत होती. फक्त फायटिंगचे पिक्चर गेले असते. जन्मभर रविवारी मी विहिरीकडे बघत बसलो असतो आणि सोमवारी ‘होय साहेब’ म्हणायला गेलो असतो. आणि सर जन्मभर म्हणत राहिले असते, ॲक्शनमध्ये काही नसतं. मी रावजीकडे बघितलं. त्याने मान हलवली. खड्ड्यात गेली अब्रू!

मी उभा राहिलो. “सर, ती झोडणी नाही.”

“मग काय आहे?”

“ॲक्शन आहे! पूर्ण फायटिंगचा सीन आहे. तुम्ही ॲक्शनला बक्षीस दिलंय.”

“सुहासराव, मला तिथे पेंढी दिसते, दगड दिसतो.”

“ती पेंढी नाही, खराटा आहे. आणि तो दगड नाही सर...” साक्षीने मागून माझा शर्ट ओढला. पण मी मागे हटलो नाही. “तो मी आहे.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. सर म्हणाले, “पुरावा?”

“पिक्चर पुन्हा लावा! थांबवा, थांबवा तिथे! नीट बघा. दगडाला गॉगल आहे.”

सगळे पुढे वाकले. खरंच, दगडाला गॉगल होता.

“आता पुढे जाऊ द्या. बघा, दगड पळतोय!” मी खुर्चीवर चढलो होतो. “मागे झोडणीवाली, म्हणजे माझी आई, पळतेय! स्फोट आहे, मारामारी आहे, पाठलाग आहे! आणि बघा, दगड एकदातरी मागे वळून बघतोय का? सांगा!”

हॉल कोसळला. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आणि त्यांनी खरंच पुन्हा लावलं. माझा मार तालुक्याने तीनदा बघितला. मी खुर्चीवरून उतरलो नाही. हसा, म्हटलं, पण ही ॲक्शन आहे.

दत्ताराम सर पडद्याजवळ जाऊन गॉगल बघून आले. माणूस खरा निघाला. ते माइकवर येऊन म्हणाले, “सुहासराव, माझं चुकलं. धुळीलाही शैली असते. हे बक्षीस मी ॲक्शनला दिलं असं जाहीर करतो.”

मी जिंकलो होतो! रावजीने मला उचललं. मी स्टेजकडे निघालो, हात पुढे केले, ट्रॉफी अगदी बोटांशी आली आणि सर म्हणाले, “आपण नाही, बसा. ॲक्शनचं अवॉर्ड ॲक्शन करणाऱ्याला असतं. आपल्या मातोश्री मंजुळाबाई कुठे आहेत?”

आई पदर सावरत स्टेजवर गेली, जशी काही वर्षभर तयारीच करत होती. माइक तिने हातात घेतला. “जय भीम मंडळी. मला पिच्चरमधलं काय कलत नाय. पर मी काय खोटं केलं नाय. हात मनापासून चालिवला.”

दिग्दर्शनाचं साक्षीला, ॲक्शनचं आईला. माझं नाव पेपरात आलं, ‘दगडाच्या भूमिकेत’ असं.

पण ॲक्शनचं अवॉर्ड आमच्या घरी आलं, म्हणून शपथ सुटली. आता दर रविवारी मी उजळ माथ्याने फायटिंगचे पिक्चर बघतो. नवा मसाला कुटून झाला आहे. त्याच्या बरणीच्या झाकणावर आईने ती ट्रॉफी ठेवली आहे, वजन म्हणून, आणि मला त्या खोलीत एकट्याला सोडत नाहीत. साक्षीने रिमोट पर्समधून बाहेर काढला. फक्त तो आता माझ्याकडे न येता आईकडे जातो. तिला फायटिंगची गोडी लागली आहे. सीन रंगात आला की ती पिक्चर थांबवते.

“ह्येचा हात खोटा हाय,” ती हिरोकडे बघून म्हणते. “खांद्यातनं येत नाय. सुहास, उठ रे जरा, साक्षीला दाखिवते.”